भाच्याच्या मशीनला घरचं तेल

त्या साली पाऊस गेला आणि कंधारात आधी आवाज बंद झाले. आमचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आणि घर दुकानाच्या पाठीला लागून. आबा, म्हणजे माझे वडील, ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. चांगल्या वर्षी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या चहूबाजूंनी इंजिनांची फटफट ऐकू यायची. आबा लिंगपूजेला बसलेले असले तरी मधेच मान कलती करून म्हणायचे, "मनाठकराचं इंजिन धाप टाकून राहिलंय. दुपारी येतंय बघ." आणि दुपारी ते बैलगाडीत घालून यायचंच. विहिरी आटल्या तशी ही फटफट एकेक करून थांबली. बंद इंजिन कोण दुरुस्त करणार? आबा सकाळी दुकान उघडायचे, पाने चिंध्यांनी पुसून आकाराप्रमाणे भिंतीला लावायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पाने पुन्हा पुसायचे. घरात माय हुलग्याचं माडगं करायची. तेलाची मात्र ददात नव्हती, कारण माझ्या आजोळी लाकडी घाणा होता आणि आदल्या सालची करडई शिल्लक होती. त्यामुळं दुष्काळातही आमच्या भाकरीवर चटणी असायची आणि चटणीवर पिवळंधमक तेल.

त्याच साली लातूर जिल्हा झाला. आम्ही नांदेड जिल्ह्यातले, आम्हाला त्याचं काय, असं वाटायचं. पण बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस तेच बोलायचा. तिथं कचेऱ्या होणार, रस्ते रुंद होणार, टेबलं-खुर्च्या लागणार, म्हणजे लाकूड लागणार. दुष्काळानं रस्त्याकडेची झाडं उभ्या उभ्या वाळली होती. हा हिशेब आमच्या गावात सगळ्यात आधी गफूरभाईंनी केला. गफूरभाई लाकडाचे गुत्तेदार. किनवटच्या जंगलात त्यांची कामं चालायची आणि लातूरला त्यांनी नुकताच लाकडाचा अड्डा घातला होता. एक दिवस त्यांच्या जीपमधून दोन गोण्या आमच्या दारात उतरल्या. आत दोन मशीनं होती, झाडं कापायची, साखळीची. आम्ही अशी मशीनं कधी जवळून पाहिली नव्हती. दोन्ही परदेशी, दोन्ही जुनी, जंगलात पिळून काढलेली. एक लाल, एक नारिंगी. लाल मशीनच्या रंगाखालचा पत्रा दिसत होता आणि नारिंगीची दोरी ओढायची मूठच नव्हती.

"मास्तर," गफूरभाई आबांना म्हणाले, ते सगळ्याच मिस्त्र्यांना मास्तर म्हणत, "ये दोनो को चालू करो. नवं मिळत न्हाई, मिळालं तर पार्ट मिळत न्हाईत. आणि माझ्या अड्ड्याजवळ लातूरला खोली देतो. तुमचा एक माणूस तिथं बसवा. जिल्ह्याचं गाव हाय, रोज काम पडंल."

"एक माणूस" हे दोन शब्द मी जेवताना, झोपताना घोळवत राहिलो. मी आयटीआय करून घरी आलो होतो. आबांना मुलगा मी एकटाच. लातूरची खोली माझी, हे माझ्या मनात गफूरभाईंची जीप वळायच्या आतच पक्कं झालं होतं. पण घरात तेव्हा बासू होता.

बासू म्हणजे बसवराज, माझ्या आत्याचा मुलगा, निलंग्याचा. माझ्याहून थोडा मोठा, कमी बोलणारा, हसला की दोन्ही गालांना खळी. त्यांचा ऊस वाळला, विहीर कोरडी पडली, तेव्हा आत्यानं त्याला "चार महिने मामाकडं राहा" म्हणून पाठवून दिलं. भाचा घरी आला म्हणजे आमच्याकडं काय होतं ते इथं सांगितलं पाहिजे. भाचा देवाच्या जागी. त्याला चुकून पाय लागला तर मामानं त्याच्या पाया पडायचं. त्याला एकेरी हाक मारायची पण टाकून बोलायचं नाही. पहिलं ताट त्याचं. आमच्या घरात मुलगी नव्हती, त्यामुळं जावई नव्हता, आणि जावयाचा जो काही मान साठून राहिला होता तोही बासूच्या ताटात पडायचा. टँकरचं पाणी घागरी मोजून यायचं तरी बासूच्या अंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. मी ओला पंचा फिरवून मोकळा. माडगं पातळ झालं की त्यातलं खालचं घट्ट बासूला. हे माय करायची, तेवढं मी सोसत होतो. आबा करायचे ते सोसत नव्हतं. मला ते उभ्या आयुष्यात "शाबास" म्हणाले नव्हते, आणि बासूनं नुसता नट सोडवला तरी "हात हाय रे पोरा तुला" म्हणायचे.

मत्सर हा शब्द मी पुढं पुस्तकात वाचला. तेव्हा मला एवढंच कळायचं की बासू जेवताना त्याच्या ताटाकडं न बघता मला जेवता येत नाही. आता साठीला टेकल्यावर इतकं स्वच्छ लिहिता येतं, कारण गोष्ट जुनी झाली आहे. भावना किती जुनी झाली, ते पुढं येईलच.

आबांनी दोन्ही मशीनं ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "एक एकानं करा. दसऱ्यानंतर गफूरभाईला झाडं तोडायची परवानगी मिळतीया. त्या दिवशी दोन्ही लाकडावर लावू. ज्याचं मशीन टिकंल, तो लातूरला." मग बासूकडं वळून, "तू घे आधी, कोणतं पाहिजे ते."

बासूनं नारिंगी घेतलं. कुणीही तेच घेतलं असतं. मी नंतर वाण्याच्या काट्यावर दोन्ही तोलली: लाल सव्वानऊ किलो, नारिंगी सातला थोडं कमी. पट्टी दोन्हींची वीस इंची. नारिंगीचा प्लग नवा होता, कार्बोरेटर साफ होता, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे साखळीला तेल सोडायला त्याच्यात आपोआप चालणारा बारका पंप होता. साखळी पट्टीवरून सुसाट फिरते, तिला सतत तेल लागतं, नाहीतर पट्टी तापून साखळी अडकते. माझ्या लाल मशीनला त्यासाठी मुठीजवळ एक बटण होतं. अंगठ्यानं दाबायचं तेवढंच तेल यायचं. विसरलं की गेलं. मी माझ्या वहीच्या मागं दोन्हींची तुलना उभ्या रेघा मारून लिहून काढली होती. सगळ्या रकान्यांत नारिंगी वरचढ होतं. लाल फक्त वजनात पुढं.

पण काम करताना मी रमलो, हेही खरं. लालच्या पिस्टनची रिंग तुटलेली होती. त्या मापाची रिंग कंधारात कुठून येणार? मी नांदेडच्या भंगारवाल्यांकडं दोन खेपा केल्या, जुन्या फटफट्यांच्या रिंगांचा ढीग उपसला, आणि एक किंचित मोठी रिंग आणून तिची टोकं कानस मारून कमी केली. सिलिंडरखालचं पॅकिंग फाटलेलं. त्याला जाड कागद लागतो. आबांनी ट्रंकेतून लग्नपत्रिका काढून दिली, कोण्या पाहुण्याची, सोनेरी गणपती असलेली. "चांगला जाड हाय. आणि लगीन टिकलंय त्यांचं," असं म्हणून हसले. पत्रिका तेलात भिजवून मी पॅकिंग कापलं. गणपती मात्र पॅकिंगात येऊ दिला नाही, कात्रीनं वळसा घालून वाचवला. पॉइंटचा गॅप लावायला फिलर गेज माझं स्वतःचं होतं, आयटीआयचं. बारीक माप घ्यायचं व्हर्निअर मात्र आबांचं. लाकडी पेटीत, निळ्या मखमलीवर. माप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत. मी मागितलं तेव्हा म्हणाले, "मोजपट्टीनं बघ. पडलं की संपलं ते." दोनच दिवसांनी बासूला ऑइलपंपाचा दांडा मोजायचा होता तर त्यांनी पेटी स्वतः उघडून त्याच्या हातात दिली. बासू मापाचा माणूस नव्हता, कानाचा होता. इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू फिरवायचा. व्हर्निअर त्यानं उलटं धरलं होतं. आबांनी हसत हसत सुलटं करून दिलं.

मी परसात जाऊन दगडावर कानस घासत बसलो. माय मागून आली आणि म्हणाली, "कामून एवढी आदळआपट?"

"माझ्या हातातून पडंल म्हणं. ह्याच्या हातातून न्हाई पडत."

"पाव्हणा हाय रे तो."

"चार महिन्यांचा पाव्हणा असतो का कुठं?"

माय हसली आणि आत गेली.

त्या साली दसऱ्याच्या आधी धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला आणि भाच्याला तेल लावून न्हाऊ घालतात आणि पुरणाचे धोंडे जेवायला करतात. दुष्काळ होता तरी मायनं कुठून तरी गूळ आणि हरभऱ्याची डाळ मिळवली. बासू पाटावर बसला, आबांनी स्वतः त्याच्या डोक्याला करडईचं तेल चोळलं. मी माझ्या मशीनच्या साखळीचे दात घासत होतो आणि बघत नव्हतो. जेवण झाल्यावर आबांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते नारिंगी मशीनसमोर उभे राहिले. त्याची तेलाची टाकी उघडली, वास घेतला. आम्ही दोघंही मशीनच्या साखळीला इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल वापरत होतो, काळं, गाळून घेतलेलं. तेच होतं आमच्याकडं, डबेच्या डबे.

"धोंड्याचा महिना हाय," आबा म्हणाले, "आन् भाच्याच्या मशीनला जळकं तेल?"

मायकडून त्यांनी घाण्याचं तेल मागून घेतलं. पातळ वाटलं म्हणून लोखंडी कढईत मंद आचेवर कढवत ठेवलं, दाट होईपर्यंत. घरभर भज्यांचा वास सुटला. त्या वर्षात त्या वासानं आमच्या पोटात काय झालं असेल ते सांगायला नको. तेल निवल्यावर त्यांनी ते मधासारखं धार धरून नारिंगीच्या टाकीत ओतलं, साखळी काढून त्याच तेलात बुडवली, पुसली, परत चढवली. बासूनं दोरी ओढून मशीन एकदा चालवून पाहिलं. पट्टीच्या टोकावरून तेलाचे पिवळे थेंब उडाले, उन्हात सोन्यासारखे. आबा असे खूष की बस.

मी म्हणालो, "माझ्याबी मशीनला घाला की थोडं."

"तू घरचाच हायस," आबा म्हणाले. "तुला काय, जळकं चालतंय."

हे वाक्य मी अजून तोलून पाहतो. त्याचे दोन अर्थ होतात असं माझी बायको म्हणते. मला तेव्हा एकच ऐकू आला होता.

नंतर मशीनं झाकून ठेवली. परवानगी येईपर्यंत पेट्रोल जाळायचं नाही असं ठरलं होतं. खंडेनवमीला दोन्ही मशीनं पुसून चौरंगावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि पुन्हा पत्र्याखाली ठेवली. पाऊस नसलेल्या सालातलं दसऱ्याचं ऊन; पत्र्याखाली हात ठेवता येत नव्हता. दसरा उलटला, परवानगी आली. वाळलेल्या बाभळीचा एक मोठा बुंधा गफूरभाईंनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून टाकला आणि दोन बाजूंना खडूनं दोन रेघा मारल्या. जुनी बाभूळ वाळली की लोखंड होते. स्टँडवरचे हमाल, चहावाला, बसची वाट बघणारे, सगळे गोल करून उभे राहिले.

बासूनं नारिंगी उचललं, साखळी हातानं सरकवून पाहिली. "मामा, जड सरकून राहिली."

"नवं तेल हाय. इंजिनानं ओढली की मोकळी होईल."

पहिल्या ओढीला नारिंगी सुरू झालं. त्याचा आवाज गोड होता, हे मी आजही मान्य करतो. बासूचा कान लागलेलं इंजिन होतं ते. माझं तिसऱ्या ओढीला लागलं, खोकत, धूर सोडत. कुणी तरी म्हणालं, "ह्याला दमा हाय." लोक हसले. आम्ही दोघांनी पट्ट्या लाकडाला टेकवल्या. बासू बघता बघता पुढं गेला. त्याचा भुसा जाड आणि एकसारखा पडत होता. मी सव्वानऊ किलो पेलत, दर दोन श्वासांनी अंगठा दाबत, काळं तेल स्वतःच्या सदऱ्यावर उडवत चाललो होतो. माझी पट्टी एक बोट आत गेली तेव्हा त्याची चार बोटं गेली होती. मान वर करायची नाही असं ठरवूनही मी आबांकडं पाहिलं. ते बासूच्या बाजूला उभे होते.

मग वास आला. आधी भज्यांचा, मग करपलेल्या भज्यांचा.

"या अल्ला," गफूरभाई ओरडले, "मास्तर, लकडी काटते की पकोडे तलते?"

गोलातली माणसं पोट धरून हसली. बासू हसला नाही. त्याच्या पट्टीतून पिवळा धूर निघत होता. भुसा बारीक झाला, मग पिठासारखा, मग थांबला. इंजिन ओरडत राहिलं आणि साखळी जागच्या जागी. त्यानं इंजिन बंद केलं. माझं चालूच होतं. मी अंगठा दाबत राहिलो, दाबत राहिलो. अंगठ्याला गोळा आला. माझ्या बाजूचा ओंडका धप्पकन खाली पडला तेव्हा मी एकटाच आवाज करत होतो, हे माझ्या लक्षात आलं.

आबा खाली बसले होते. त्यांनी नारिंगीचं झाकण सोडलं. पट्टीच्या खाचेत, साखळीच्या कड्यांत, पंपाच्या दांड्याभोवती ते तेल डिंकासारखं धरलं होतं. बोट लावलं तर तार सुटायची. पंपातून तेलाचा थेंब बाहेर येत नव्हता. आबांनी ती तार दोन बोटांत घेऊन बराच वेळ चोळली. मग म्हणाले, ते आम्हाला नव्हे, त्या तेलालाच म्हणाल्यासारखं: "मोटेला लावत होता की माझा बाप. करडीचं तेल कढवून, मोटेच्या कातड्याला. वाळलं की कातड्यावर कातडं व्हायचं. पाणी शिरत नव्हतं त्यातून. मी बघितलंय. ह्या हातांनी लावलंय."

आम्हाला दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. मोट आमच्या जन्माच्या आधीच गेली होती, इंजिनांनी घालवली होती.

गफूरभाईंनी विचारलं, "तो फिर कौन?"

"मल्लू जाईल लातूरला," आबा म्हणाले. मल्लू म्हणजे मी. तेवढंच, माझ्याकडं न बघता. मग बासूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं न्हाई चुकलं रे. तुझं मशीन एक नंबर होतं. माझं चुकलं."

मी जिंकलो होतो. काळं तेल अंगावर, हातात गोळा, समोर माझा कापलेला ओंडका, आणि आबांचा हात त्याच्या खांद्यावर. संध्याकाळी माय म्हणाली, "मनासारखं झालं न्हवं आता?" मी "हाव, झालं" म्हणालो आणि ताटाकडं बघितलं. त्या दिवशी पहिलं ताट मला वाढलं होतं. खरं सांगायचं तर मला जेवण गेलं नाही.

लातूरला निघालो तेव्हा लाल मशीन गोणीत घालून एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेतलं. बासू स्टँडपर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "तुला जिल्हा मिळाला राजे. आमचा आपला तालुकाच." मी हसलो. आबाही आले होते. मला वाटलं, पिशवीतून व्हर्निअरची पेटी काढतील. त्यांनी जळक्या ऑइलचा डबा काढला, झाकणाला फडकं बांधलेला. "हेच घालत जा. दुसरं कायबी घालू नको. अंगठा मात्र विसरू नको." गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं ते असं: दोघं पाठमोरे दुकानाकडं निघालेले, आबा काही तरी हातवारे करून सांगत होते आणि बासूनं मान त्यांच्याकडं कलती केली होती, अगदी आबा इंजिन ऐकताना करायचे तशी. तोवर मला सुचलंच नव्हतं की लातूर ज्याला मिळेल त्याला आबा मिळणार नाहीत. मी सगळे रकाने आखले होते, हा एक सोडून.

चार महिन्यांचा पाहुणा पुढं कंधारचाच झाला. पाऊस आला, इंजिनं परत फटफटायला लागली, आणि आबांच्या ओट्यावर दुसऱ्या बाजूला बासू बसला तो आबा गेले तोवर. मी सणावाराला जायचो. माझ्या पुढ्यात पहिलं ताट यायचं. मी पाहुणा झालो होतो.

लातूरच्या माझ्या दुकानात आता जुनी मशीनं दुरुस्तीला लांबून लांबून येतात. नव्याला हात लावणारे पुष्कळ आहेत, जुन्याचं पॅकिंग कापणारे कमी. पार्ट आता मोबाइलवर मागवता येतात. तरी मी रिंग घेताना फोटोवर विश्वास ठेवत नाही, माप मागतो. व्हर्निअर माझ्याकडं तीन आहेत. गेल्या उन्हाळ्यात बासूचा मुलगा गाडीत घालून नारिंगी मशीन घेऊन आला. "पप्पा म्हणाले, काकाकडंच दे. चालू झालं पाहिजे, बाकी काही नको." अडकलेलं म्हणून गफूरभाईंनी ते परत नेलंच नव्हतं, आणि त्या दिवसानंतर ते कुणी लाकडाला लावलंही नव्हतं. मी रिंग बदलली, कार्बोरेटरचा पडदा बदलला, नवी पट्टी बसवली. शेवटी तेलाची टाकी उघडली. आत काचेसारखा पिवळा थर होता. डिझेलनं सुटेना. पेट्रोलनं सुटेना. कडेचा एक कपचा काढून मोजला तर दीड मिलिमीटर भरला. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो मशीनं गेली. घरचं तेल पाजलेलं मशीन मी ते एकच पाहिलं, आणि ते माझं नव्हतं.

काम म्हणजे काम. मी गरम हवेचं यंत्र लावून टाकी हळूहळू तापवली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं थर उचकटायला लागलो. तो सुटला तसा वास सुटला, दुकानभर, आणि दुकानामागच्या घरभर.

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, भजी कुणासाठी तळायलात?"

"बासूसाठी," मी म्हणालो.